टाळी न वाजवणारे भाडेकरू

नागपुरात आता गाणाऱ्यांची काही कमी राहिली नाही. माझ्या ओळखीतली निम्मी निवृत्त माणसं कराओकेच्या क्लबात आहेत आणि उरलेली निम्मी नाव नोंदवायच्या तयारीत. दर शनिवारी कुठल्या तरी सभागृहात कार्यक्रम असतो. प्रवेश फुकट, वर समोसा. मी जाते. मला समोसा आवडतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कोट घालून प्रेमभंगाचं गाणं म्हणतात, मागे यंत्रातून ढीगभर व्हायोलिनं वाजतात, आणि समोर बसलेले सगळे मान खाली घालून मोबाइलवर आपापल्या गाण्याचे शब्द बघत असतात. स्वतःचं झालं की माणूस घरच्यांना घेऊन निघतो. शेवटच्याची पाळी येईपर्यंत हॉलमध्ये तो, माईकवाला आणि मी.

परवा शेवटचं गाणं म्हणणाऱ्या बाई खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "काकू, तुमचा नंबर राहून गेला का?"

"नाही हो. मी नुसती ऐकायला आले."

दुसऱ्याच्या लग्नात घुसून जेवायला बसलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्याच्या लग्नात जेवून आलेला एक माणूस मला खरंच ठाऊक होता. आमच्या महाल भागातल्या घरात मागच्या खोलीत ते भाड्याने राहायचे. मूळचे उमरेडकडचे, एकटे जीव, वय चाळिशीच्या आसपास. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात थान मोजून फाडून द्यायचं काम. एके दिवशी दुकानासमोरून वरात गेली. यांच्या हातात अर्धवट मोजलेलं पॉपलीन. ते तसंच टाकून हे बँडच्या मागे जे चालत सुटले ते थेट सक्करदऱ्यापर्यंत. मांडवात पोचल्यावर मुलीकडच्यांना वाटलं, एवढ्या गंभीर चेहऱ्याने वाजंत्र्यांच्या मागे चालत आलेला माणूस म्हणजे नवरदेवाचा मोठा काका. त्यांना टोपी घातली, हातात नारळ दिला आणि पहिल्या पंगतीत बसवलं. घरी आले तेव्हा टोपी डोक्यावरच होती.

माझे वडील ओसरीत बसले होते. म्हणाले, "हे काय हो? कोणाचं लग्न?"

"काय मालूम, मालक."

"मग गेले कशाला?"

"थो झांजवाला होता न बँडात, म्हातारा. सगळे वाजवून राहिले होते अन् एका जागी थो थांबला. नाही वाजवली त्यानं. मले वाटलं चुकला असन. तं पुढच्या खेपेले बी तिथंच थांबला. मंग त्याले सांगाव लागलं न, का बाबा, मी आयकलं म्हणून."

"हे सांगायला सक्करदऱ्याला गेले?"

"त्याचे हात मोकळे व्हाचे होते न."

दोन दिवसांनी ते टोपी आणि नारळ त्या मुलीच्या बापाला परत देऊन आले. तो बिचारा अजून घाबरला. त्याला वाटलं, वरपक्ष रुसला.

तर असे ते होते. आणि त्यांचं सगळं वेड एवढ्यातच होतं: ऐकणं, आणि ऐकलेलं त्या माणसाला जाऊन सांगणं. गावात काहीही वाजत असू दे, हे हजर. संगीत नाटक, कव्वालीचा मुकाबला, कोणाच्या घरचं भजन, गणपतीतला ऑर्केस्ट्रा. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथली खडी गंमत, म्हणजे उभ्याने होणारा तमाशा, ऐकायला एसटीने जायचे. त्यांना लहानमोठं असं काही नव्हतं. आमच्या शेजारच्या बाईंच्या भुलाबाईच्या गाण्यांनासुद्धा कुंपणापाशी उभे राहायचे. त्या बाईंना आधी संशय आला, मग सवय झाली.

कापडसुद्धा ते कानाने ओळखायचे. थानाच्या काठाला कात्रीची एक टोच मारायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. फाडताना डोळे मिटलेले. "पॉपलीन बोलते, वैनी. टेरिकॉट किंचाळते. अन् मांजरपाट हासते," असं माझ्या आईला सांगायचे. आई म्हणायची, "मग मला एक हासणारी चादर आणून द्या."

कार्यक्रमाला जायची त्यांची तयारी लग्नाला जाण्यासारखी असायची. त्या संध्याकाळी जेवायचे नाहीत. "आयकाले जाचं तं रिकामं जाचं." खिशातली चिल्लर काढून फळीवर ठेवायचे, ती खुळखुळते म्हणून. हातातलं घड्याळ काढायचे, ते टिकटिक करतं म्हणून. हॉलमध्ये खुर्ची डावीकडची, वाजवणारे बसतात त्या बाजूची. चपला काढून पाय फरशीला टेकवायचे. एकदा मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "तबला पायातून येते, बाई."

आणि टाळी कधी वाजवायचे नाहीत. सगळा हॉल उभा राहून कोसळत असला तरी हे हात मांडीवर ठेवून बसलेले. "टाळी वाजवली का आयकलेलं सांडते." मग लोक निघाले की उठायचे, आणि रंगपटात, म्हणजे पडद्यामागे नटमंडळी रंग उतरवतात तिथे, जायचे. नायिकेच्या समोरून, नायकाच्या बाजूने, हारतुऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत ते नेमके अशा माणसापाशी पोचायचे ज्याच्याकडे त्या वेळी कोणीच बघत नसायचं. त्याला एक वाक्य सांगायचे. एकच. आणि निघून जायचे.

आमच्या नाट्यमंडळातल्या ऑर्गनवाल्या काकांना एकदा सांगितलं, "राणी यायच्या आधी तुमी पाय उचलला. भाता गप झाला. त्या गपमधून राणी आली." काका दिवसा पोस्टात शिक्के मारायचे. बारा वर्षं ते ऑर्गन वाजवत होते आणि बारा वर्षांत त्यांना कोणी चहाशिवाय काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते ऑर्गनच्या झाकणावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते. शेवटी त्यांच्या बायकोला हाक मारून त्यांना हलवावं लागलं.

आता त्या राणीविषयी सांगते. ती राणी मी.

मी पंचवीस वर्षांची. मुलींच्या एका शाळेत संगीताची शिक्षिका आणि एका हौशी नाट्यमंडळाची नायिका. नायिका होते म्हणजे रूपाने काही होते असं नाही. गाणारी आणि तालमीला वेळेवर येणारी अशी मंडळात मी एकटीच होते. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझा समज निराळा होता. तान घ्यायला लागले की माझा उजवा हात असा वर जायचा की बघणाऱ्याला वाटावं, बाई छताची जळमटं काढताहेत. एक पद मी साडेअकरा मिनिटं गायचे. नाटकात त्या पदाच्या वेळी नायक जखमी होऊन पडलेला असे. एका प्रयोगात त्याला पडल्या पडल्या झोप लागली.

मला हार मिळायचे, वर्तमानपत्रात नाव यायचं, शाळेत मुख्याध्यापिका कौतुक करायच्या. पण मला हवं होतं ते वाक्य. आमच्याच घरात, माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर राहणारा माणूस, माझ्या प्रत्येक प्रयोगाला येणारा, आणि मला सोडून जगातल्या सगळ्यांना वाक्य वाटत फिरणारा! तबलजीला मिळालं. कोरसमधल्या सगळ्यात मागच्या मुलीला मिळालं. पडदा ओढणाऱ्यालासुद्धा मिळालं, की "दोरी तुमी तालात सोडता." मला काय? "पाणी पिऊन घ्या, बाई. घाम आला."

मी काय काय केलं सांगू? पहाटेचा रियाज आतल्या खोलीतून अंगणात आणला, त्यांच्या दाराच्या अगदी समोर. प्रयोग झाला की गर्दीतून मुद्दाम बाजूला व्हायचे आणि एकटीच, दुर्लक्षित दिसेल अशी कोपऱ्यात उभी राहायचे. एकदा तर हार काढून ठेवला आणि राणीच्या मुकुटासकट जमिनीवर बसले. ते माझ्याजवळून गेले, थांबले, माझ्या मागे उदबत्ती विझवत असलेल्या माणसाशी बोलले आणि गेले.

माझी नात हे ऐकून विचारते, "आजी, क्रश होता का तुझा?" मी म्हणते, नाही गं. प्रेमात माणूस निदान आपल्याकडे बघतो. हे डोळे मिटून बसायचे.

मग तो स्पर्धेचा प्रयोग आला. आदल्या दिवसापासून माझा घसा बसला. बोलायला जमत होतं, पण वरचा सूर लावला की नुसती हवा. काढे झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या, दिग्दर्शकांनी देवाला नारळ बोलून झाला. तेव्हा ऑर्गनवाले काका हळूच म्हणाले, "शेवंताबाई गातील."

शेवंताबाई आमच्या शाळेतल्या शिपाईबाई. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. मीच त्यांना मंडळात आणलं होतं, माझी नऊवारी नेसवायला आणि माझा पाण्याचा तांब्या धरायला. आमच्या सगळ्या तालमी त्यांनी विंगेत बसून ऐकल्या होत्या. त्या आपल्या वस्तीतल्या भजनी मंडळात गातात हे काकांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"मी कायची गातो बाप्पा! मले लाज येते," शेवंताबाई म्हणाल्या. पण काकांनी सूर दिला आणि त्यांनी माझं पद म्हटलं. माझी साडेअकरा मिनिटं त्यांनी चार मिनिटांत संपवली आणि त्यातलं काही राहून गेलं असं कोणालाच वाटलं नाही. मीच आधी बोलले. म्हणाले, "बरं आहे. वेळ निभावेल."

ठरलं असं की शेवंताबाई विंगेत कोरसच्या माईकपाशी उभ्या राहतील आणि मी रंगमंचावर ओठ हलवीन. हे फक्त चौघांना ठाऊक: दिग्दर्शक, काका, शेवंताबाई आणि मी. बाकीच्यांना सांगितलं की आज बाईंचा आवाज जपायचा म्हणून कोणी विंगेत गर्दी करू नका.

मी ओठ हलवले. मला भीती एवढीच की ओठ पुढे जातील किंवा मागे राहतील, म्हणून माझं सगळं लक्ष विंगेकडे. त्यांनी श्वास घेतला की मी घ्यायचे. त्या थांबल्या की मी थांबायचे. माझा हात वर जायचा विसरला. आणि त्या पदाला वन्समोअर आला, जो मला कधी मिळाला नव्हता. शेवंताबाईंनी पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा हळू. समोरच्या रांगेत एक बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

प्रयोगानंतर रंगपटात ही गर्दी. हार, पेढे, पाया पडणाऱ्या मुली. मंडळाचे सेक्रेटरी म्हणत होते, "आज तुम्ही कहर केला." मी नम्रपणे मान झुकवत होते. नम्रता मला छान जमायची. तेवढ्यात ते आले.

ते दारातून सरळ आत आले, माझ्या समोरून गेले, आणि कोपऱ्यात माझी दुसरी नऊवारी घडी करत असलेल्या शेवंताबाईंपाशी थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "दुसऱ्या वेळेस तुमी कोनाले दाखवाले गायल्या नाही. आपल्याच घरी असल्यावानी गायल्या." शेवंताबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली. सेक्रेटरी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले.

आणि मग, दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते झालं. ते वळून माझ्यापाशी आले.

"बाई, आज तुमी चांगलं केलं," ते म्हणाले. "तिच्या श्वासावर श्वास घेतला. आज पहिल्यांदा तुमी कोनाचं तरी आयकलं."

ते मनापासून म्हणाले होते. त्यांच्या तोंडावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. आज मला ते वाक्य कोणी कापडावर भरून दिलं तर मी भिंतीला लावीन. पण त्या वेळी मला दिसत होते ते फक्त लोक. एक मुलगी तोंडाला रुमाल लावून हसली. माझ्या कानांतून वाफ निघाली असेल.

मी काय केलं ते आता लिहिते. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही, नातीलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे गेले. रडले नाही, ओरडले नाही. शिक्षिका होते ना, शांतपणे बोलले. म्हटलं, "तो माणूस रंगपटात येतो. तिथे बायका कपडे बदलत असतात. आम्हाला अवघडल्यासारखं होतं." एवढंच. "आम्हाला" म्हटलं. मी एकटी होते, आणि तसं काही नव्हतं. त्यांनी कधी कोणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी तर दोन वर्षं त्यांनी बघावं म्हणून मुकुट घालून जमिनीवर बसत होते.

पाटी लागली. "रंगपटात बाहेरच्या व्यक्तींस प्रवेश नाही." एका मंडळाकडून दुसऱ्याकडे गोष्ट गेली, आणि जाताना वाढत गेली. हॉलच्या रखवालदाराने एकदा त्यांना दारातच अडवून सगळ्यांसमोर विचारलं, "काहून बे, पुन्हा आला?" हे मला नंतर कळलं. आमच्या गल्लीतही कुजबूज झाली. वडिलांनी मला विचारलं, "खरं आहे का गं हे?" मी तंबोऱ्याची गवसणी शिवत होते. शिवत राहिले. वडिलांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

महिन्याभरात त्यांनी खोली सोडली. आईच्या हातात किल्ली दिली. "येतो, वैनी." मी दारात उभी होते. मला म्हणाले, "गळा जपा, बाई." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं नाटकं केली. पण एक गोष्ट मला फार लवकर दिसायला लागली. प्रयोग संपला की ऑर्गनवाले काका पेटी बंद करायला उशीर लावायचे. तबलजी हातोडी पिशवीत घालायचा, पुन्हा काढायचा. कोरसमधल्या मुली वेणी सोडून पुन्हा घालायच्या. सगळे दाराकडे बघायचे. मग कोणीतरी म्हणायचं, चला, आणि दिवे जायचे. काकांनी एक दिवस ऑर्गन विकून टाकला. गुडघे दुखतात म्हणाले. माझं गाणंही पुढे बरं झालं असं लोक सांगत. ताना कमी झाल्या, हात खाली आला. मला मात्र डावीकडची ती खुर्ची बघितल्याशिवाय सूर लागेना. तिथे कोणीतरी नेहमी शेंगदाणे खात असायचं.

माझं लग्न झालं, मुलं झाली. शेवंताबाई निवृत्त झाल्या तेव्हा मी त्याच शाळेत मुख्याध्यापिका होते. निरोपाला शाल, नारळ, माझं भाषण, सगळं झालं. मग त्या माझ्या खोलीत आल्या.

"बाई, एक सांगू का? रागावान नाही न?"

"सांगा."

"मले आयुष्यात एकच बक्षीस भेटलं. थे त्याईनं दिलं होतं, त्या दिवशी. मी रोज भांडे घासताना थे शब्द मनात म्हणतो." थोडं थांबून म्हणाल्या, "थे आता उमरेडले राह्यते. माझ्या भाच्यानं पायलं, मंडईत. दरसाल गंमत आयकाले येते म्हणे. तुमी एकदा जाऊन या."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. त्या पाटीमागे कोण होतं ते. इतकी वर्षं त्यांनी मला रोज सकाळी पाण्याचा ग्लास आणून दिला होता.

भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी मी उमरेडच्या एसटीत बसले. घरी सांगितलं, शाळेचं काम आहे. गाडीत बसून क्षमायाचना तयार केली. मी मुख्याध्यापिका, मुद्देसूद बोलायची सवय. तरुण वय, अविचार, अहंकार, आपल्यासारख्या निर्मळ माणसावर झालेला अन्याय, असं सगळं ओळीने बसवलं. उमरेड यायच्या आत तीनदा म्हणून पाहिलं. शेजारच्या बाई सरकून बसल्या.

मंडईचं गाव उमरेडच्या पुढे दोन मैलांवर होतं. भर दुपार. पाळणे, जिलेबी, बांगड्यांची दुकानं, आणि शाळेच्या पटांगणात खडी गंमत. नटांनी उभ्या उभ्या गायचं, नाचायचं. रंगमंच नाही, पडदा नाही, लोक चारी बाजूंनी बसलेले. शाहीर, ढोलकी, लुगडं नेसून नाचणारा पुरुष, आणि मागे तुणतुणं धरून एक वाळका माणूस. डावीकडे, वाजवणाऱ्यांच्या बाजूला, ते बसले होते. केस पार पांढरे. पाय मातीवर टेकलेले, डोळे मिटलेले.

मी त्यांच्या मागे जाऊन बसले. त्यांनी मला पाहिलं नाही. मी गंमत ऐकायला आले नव्हते, पण त्यांची पाठ बघता बघता ऐकायला लागले. ढोलकीवर त्यांचे खांदे हलत नव्हते. तुणतुण्यावर हलत होते. मधे शाहीर आपलं कडवं विसरला. लोक हसले, तो भलतंच काही म्हणायला लागला. पण मागे ती एक तार चालूच होती, तेवढीच, तशीच. शाहीर तिला धरून परत आला. हे मला ऐकू आलं. मी एकटीच बसले असते तर आलं नसतं.

गंमत संपली. लोक उठले. नटमंडळी शाळेच्या एका खोलीत कपडे बदलायला गेली. ते उठले, सावकाश चालत खोलीपर्यंत गेले आणि पायरीच्या खाली थांबले. दार उघडं होतं. येणारेजाणारे आत-बाहेर करत होते. गावातली पोरंसोरं, पानवाला, पाटील, सगळे आत जात होते. ते नाही गेले. उन्हात उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी बाहेर येईल आणि त्यात तो तुणतुणंवाला असेल, याची वाट बघत.

मला वाटलं होतं, मी केलेलं जुनं झालं असेल.

मी त्यांच्या बाजूने पायरी चढून आत गेले. लुगडं सोडत असलेल्या पुरुषाने मला बघून किंकाळी फोडली. मी तुणतुणंवाल्याला शोधलं. तो भिंतीशी बसून बिडी पेटवत होता. म्हटलं, "दादा, जरा बाहेर या. एक जण थांबले आहेत. त्यांना तुम्हाला काही सांगायचं आहे."

"मले?" तो म्हणाला. "शाहिराले सांगा न."

"तुम्हालाच."

तो बाहेर आला. ते त्याला म्हणाले, "शाहीर चुकला तवा तुमी तार सोडली नाही. त्याले परत याले जागा ठेवली." तुणतुणंवाल्याने हातातली बिडी खाली टाकली. दोन्ही हात जोडले आणि आत गेला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. "बाई. तुमी काहून आल्या एवढ्या लांब?"

"बोलायचं होतं."

"बोला."

त्यांनी डोळे मिटले. मान थोडी खाली केली. गाणं ऐकताना करायचे तशी. आणि मी सुरू केलं. तरुण वय. अविचार. अहंकार. निर्मळ माणूस. सगळं ओळीने येत होतं. मग म्हटलं, "मी तुमच्याविषयी जे सांगितलं ते..." आणि माझं लक्ष गेलं त्यांच्या पावलांकडे, पायरीच्या अलीकडे मातीत उभ्या असलेल्या. पुढचा शब्द येईना. तो आला तेव्हा मग बाकीचंही आलं, पाठ केलेलं, शेवटपर्यंत.

त्यांनी डोळे उघडले.

"झालं?"

"झालं."

"खोटं होतं म्हणायच्या आधी तुमी थांबल्या," ते म्हणाले. "थे मले आयकू आलं. बाकीचं गाडीत बसून केलं असन."

मी हसले, आणि मला रडू येत होतं. ते मात्र काही विनोद केला नसल्यासारखे उभे होते. तेवढ्यात पटांगणात दुसऱ्या पार्टीची ढोलकी वाजायला लागली. त्यांचं तोंड तिकडे वळलं. म्हणाले, "ही पार्टी चांगली आहे, बाई. याईचा झीलकरी आयका, शाहिराच्या मांगून सूर धरते थो. बसता का?"

माझी परतीची गाडी साडेचारची होती. घरी शाळेचं काम म्हणून सांगितलं होतं. मुलाची कॉलेजची परीक्षा होती, संध्याकाळचा स्वयंपाक होता, आणि त्यानंतरची गाडी दिवेलागणीनंतर नागपुरात पोचली असती.

ते बसायला गेले. मी त्यांच्या मागे दोन पावलं गेले. मग थांबले, आणि जाऊन शहाण्यासारखी गाडी पकडली.